नव्या नगरसेवकासाठी नगररचना: प्राथमिक धडे

नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा या चार नगरपरिषदा आणि धडगावची नगरपंचायत. यांपैकी कुठूनही निवडून आला असाल, तर गटारी आणि पथदिवे तुम्हाला शिकवावे लागणार नाहीत. गोची होते ती सभेत विकास योजनेचा, म्हणजे 'डीपी'चा विषय निघाला की. त्याची ही तयारी.

आधी नकाशा. पिवळं म्हणजे रहिवास, निळं म्हणजे व्यापार, जांभळं म्हणजे उद्योग, हिरवी शेती. तो टेबलावर पसरला की कोपऱ्यांवर आवक रजिस्टर, पाण्याची बाटली असं काहीबाही ठेवतात आणि मग सगळे वाकून आपापला गट नंबर शोधतात. तुम्हीही शोधा, फक्त बोट ठेवू नका. बोट थांबतं तिथं बाकीच्यांचे डोळेही थांबतात.

हा नकाशा 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली होतो आणि साधारण 20 वर्षांतून एकदा सुधारायचा असतो. तेवढ्यात वॉर्डात जन्मलेलं पोर लग्न करून वेगळी खोली मागायला लागतं. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. जाहिरात पेपरात येते, जप्तीच्या नोटिशीशेजारी, बारीक टायपात. ती वाचतात ते जमीनवाले. ज्यांच्या घरावरून 12 मीटरचा रस्ता आखलाय, त्यांना तो मोजणीवाला दारात आल्यावर कळतो. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात राज्याची सीमा बाकड्यावरून गेलीय, तरी दोन्हीकडची माणसं तिथं निवांत टेकतात. डीपीची रेष मात्र एवढी सोशिक नसते.

आता आरक्षण. हा धडा मन लावून वाचा, बाकीचे चाळले तरी चालतील. आरक्षण टाकायला पैसे लागत नाहीत, म्हणून ते सढळ हातानं टाकावं: शाळा, क्रीडांगण, भाजीबाजार, बगीचा. पैसे लागतात जागा घ्यायला, आणि पगार, पंपाचं वीजबिल, कचऱ्याच्या गाड्या भागवून परिषदेकडे तेवढे उरत नाहीत. बदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देता येतो, पण शहराबाहेर पडताच मोकळं रान लागतं तिथं वरचे मजले चढवायचा हक्क विकत कोण घेणार? जमीनमालक बिचारा ना बांधू शकतो, ना धड विकू शकतो. योजना लागू होऊन 10 वर्षं झाली की तो वकील गाठतो आणि कलम 127 ची खरेदी नोटीस देतो. तिथून 24 महिने मोजायचे.

नोटिशीवर आवकचा शिक्का बसतो. ती नगररचनेच्या टेबलावर जाते, शेरा पडतो: 'चर्चा करावी'. सभेत विषय बराच खाली असतो. तिथवर पोचेपर्यंत चहा होऊन गेलेला, अर्धे सदस्य जिन्यात. ठराव होतो, 'विषय पुढील सभेत घ्यावा'. पुढची सभा तहकूब, मग कुठली तरी आचारसंहिता, मग मुख्याधिकाऱ्यांची बदली, नवे साहेब फाईल समजून घेतात. 24 महिन्यांत भूसंपादनाचं पाऊल पडलं नाही, की आरक्षण व्यपगत. पंचविसाव्या महिन्यात क्रीडांगणावर दुकानांच्या गाळ्यांचा फलक लागतो. यात कुणी काही वावगं केलं नाही, हे पत्रकारांना ठामपणे सांगा. कुणीच काही केलं नाही, एवढंच.

एवढा धीर नसेल तर कलम 37 आहे: किरकोळ फेरबदल. बगीच्याचा रहिवास होणं किरकोळ आहे की नाही, हे जमीन कुणाची त्यावर ठरवू नये, असा संकेत आहे.

घरकुलाकडे या. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक, असे अडीच लाख मिळायचे, 30 चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतच्या घराला. मेख 'स्वतःच्या जागेवर' या शब्दांत आहे. वॉर्डातली आजी घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, वीजबिल, सगळं पिशवीतून काढून तुमच्यापुढे मांडते. नसतो तो फक्त उतारा. ती विचारते, "भाऊ, मनं नाव यादीमा से ना?" प्रथेप्रमाणे उत्तर, "से, से." ज्यांचं खरंच असतं त्यांचे हप्ते टप्प्याटप्प्यानं, फोटो काढून: जोतं, लिंटल, स्लॅब. हप्ता अडला की कॉलमच्या सळया पावसाळाभर गंजतात आणि बाई भाड्याच्या खोलीत.

सरकारला वस्ती आखता येत नाही, असं मात्र समजू नका. सरदार सरोवरात ज्यांची गावं बुडाली, त्यांच्यासाठी तळोद्याचं जंगल मोकळं करून सोमावल, रोझव्याला आखीव प्लॉट पाडले. सातपुड्याच्या पाड्यात घरं शेताशेतात विखुरलेली असतात, हे त्या आखणीत कुठं बसलं नाही, ती गोष्ट वेगळी.

शहराच्या कडेची जमीन बऱ्याच ठिकाणी आदिवासींची. महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे ती बिगर-आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी शासनाची मान्यता लागते. स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या प्लॉटची वास्तुशांत असेल तर जेवायला जा, भाषण करू नका. बाकीच्या गुंठेवारीला, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या प्लॉटवाल्यांना, धीर द्यावा. 2001 च्या कायद्यात 1 जानेवारी 2001 पर्यंतचेच प्लॉट नियमित होणार होते. 2021 साली ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर नेली. पुन्हा सरकेल या भरवशावर आजही चुन्याच्या रेघा पडतात. ले-आउटमधली दहा टक्के खुली जागा तेवढी सांभाळा, आधी तुळशीवृंदावन येतं, मग ओटा, मग सभामंडपाला निधी द्या म्हणून तुमच्याकडेच अर्ज.

शेवटी वसुली. बांधकाम बेकायदा असलं तरी घरपट्टी लावायला विसरू नका, वर शास्तीही बसते. कर भरल्यानं बांधकाम अधिकृत होत नाही, अशी ओळ पावतीवर बारीक अक्षरात असेल. लोक पावती लॅमिनेट करून घेतात, तेव्हा तीही टिकते.