सिलॅबसभाऊ

अभ्यास करणारी मुलं कुठेही सापडतात. अभ्यासावर बोलणारा माणूस मात्र खास तालुक्याच्या गावचा. सालेकसात त्याला शोधायला जावं लागत नाही. तुम्ही बी. ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, की दिवस मावळायच्या आत तोच तुमचा पत्ता काढत येतो. आपण त्याला सिलॅबसभाऊ म्हणू. आमगावात, देवरीत, तिरोड्यात त्याला दुसरं नाव असेल. माणूस तोच, खांद्यावरची बॅगही तीच.

ती बॅग एकदा उघडून पाहण्यासारखी आहे. चार रंगांचे हायलायटर, स्टेपलर, डिंकाची बाटली, पासपोर्ट फोटोंचं पाकीट, उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रती, मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची स्पायरल बायंडिंग केलेली झेरॉक्स, दोन विद्यापीठांचे अभ्यासक्रम (त्यातलं एक विद्यापीठ त्याचं नाही, ते तुलनेसाठी) आणि सगळ्यात खाली एक कोरी करकरीत वही. ती कोरी का, असं विचारलं तर भाऊ म्हणतो, "ते फेअर वही हाये. आधी रफ झाला पायजे ना." रफ वही घरी आहे. तीही कोरीच आहे.

वय विचारू नये. त्याने कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा निकाल नोटीस बोर्डावर लागायचे, आता ते मोबाइलवर लागतात. भाऊचा अजून लागायचा आहे. एकच पेपर राहिलाय, इंग्रजीचा. मध्यंतरी अभ्यासक्रम बदलला, सेमिस्टर आले, मग नवं शैक्षणिक धोरण आलं, मेजर-मायनर आणि क्रेडिटं आली. दर बदलाबरोबर भाऊचा पेपर जुना होत गेला आणि भाऊ नव्या पोरांना नवी पद्धत समजावून सांगण्यात गुंतत गेला. चार क्रेडिट म्हणजे काय, हे त्याच्याइतकं सोपं करून कुणी सांगत नाही. स्वतःच्या खात्यात मात्र एकही नाही.

माहितीच्या बाबतीत त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही. गोंदिया जिल्हा कधी झाला? 1 मे 1999. त्याआधी? भंडारा. तालुके? 8. आपलं विद्यापीठ? स्थापना 1923, तुकडोजी महाराजांचं नाव लागलं 2005मध्ये. हे सगळं तो रस्त्याने चालता चालता विचारतो आणि समोरचा गडबडला की मान हलवतो. "आणि भाऊ, तुमचा पेपर कवा हाये जी?" असं एखाद्याने उलटं विचारलं, की मात्र तो म्हणतो, "वेबसाइट पाहा लागन."

दरवर्षी जूनमध्ये तो वेळापत्रक करतो. पांढऱ्या कार्डशीटवर, पट्टीने रेघा मारून. पहाटे 4 ते 6 पाठांतर, 6 ते सव्वासहा प्राणायाम, सव्वासहा ते आठ आकलन. पाठांतर आधी आणि आकलन नंतर का, हे विचारायची कुणाची छाती होत नाही. अभ्यासिकेतल्या दहा-बारा पोरांना झेरॉक्स काढून तो ते फुकट वाटतो आणि मूळ प्रत आपल्या टेबलासमोर चिकटवतो. हे टेबल कोपऱ्यातलं. पंखा डोक्यावर, मोबाइलचा पॉइंट हाताशी, आणि दारातून आत येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्याच नजरेला पडणार, अशी जागा.

पण या तालुक्यात अभ्यासाच्या आड येणाऱ्या गोष्टी निसर्गानेच ओळीने लावून दिल्यात. जुलै उजाडला की रोवणी. भाऊ बांधीत उतरत नाही. पण घरची सारी माणसं चिखलात असताना आपण पुस्तक घेऊन बसणं बरं दिसत नाही, म्हणून तो पुस्तक घेऊन बसतही नाही. पावसाने जोर धरला की हाजरा धबधबा वाहू लागतो, आणि गोंदियाहून आलेल्या मित्रांना वाट दाखवायला माहीतगार माणूस लागतो. नवरात्रात डोंगरगड. दरेकसा मागे टाकलं की छत्तीसगड आलंच. बम्लेश्वरीच्या हजारावर पायऱ्या चढून भाऊ अभ्यासासाठी शक्ती मागतो, आणि उतरेपर्यंत होती ती शक्ती संपते. दिवाळी झाली की मंडया. आज या गावाची, उद्या त्या गावाची, आणि जिथे मंडई तिथे रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे पहाटे चारला भाऊ टक्क जागा असतो. त्या अर्थी वेळापत्रक मोडत नाही. हिवाळी परीक्षा नेमकी याच सुमाराला येते. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा: कुठकुठल्या राज्यांतून गोंड समाजाची माणसं लोटतात, पाण्याच्या स्टॉलवर हात लागतात. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, त्यातच लग्नसराई, आणि त्यातच उन्हाळी परीक्षा. राहता राहिला जून. जूनमध्ये वेळापत्रक करायचं असतं.

त्याचे वडील शाळा फार शिकलेले नाहीत, पण धानाचा माणूस. एका जूनमध्ये कार्डशीटकडे बराच वेळ पाहून ते एवढंच बोलले, "बाबू, पऱ्हे तं दरसाल टाकतेस. रोवणी कवा करशील?" भाऊने ते मनावर घेतलं आणि त्या वर्षी वेळापत्रकाला लॅमिनेशन केलं.

त्याला अडाणी समजू नका. अभ्यासाच्या शास्त्रातलं त्याला पक्कं कळतं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग केले, निरर्थक अक्षरं पाठ करून ती किती वेगाने विसरतात ते मोजलं आणि 1885मध्ये पुस्तक छापलं, हे तो चहाच्या टपरीवर अशा थाटात सांगतो की, एबिंगहाउस कुठे तरी सातगाव-साखरीटोल्याकडचा असावा. "पयल्याच दिवशी सर्वात जास्त विसरते पोट्टेहो! म्हनून दुसऱ्या दिवशी पाहा लागते, मंग आठ दिवसानं, मंग महिन्यानं." पोरं माना डोलावतात. हे भाऊने त्यांना आदल्या आठवड्यात सांगितलेलं असतं आणि ते आदल्या महिन्यातही सांगितलेलं असतं. उजळणी कशी करावी, याची उजळणी एवढी दुसऱ्या कुणाची झालेली नाही.

अमेरिकेतल्या जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. स्वतःची परीक्षा स्वतः घेणं आणि अभ्यास थोडा थोडा विभागून करणं, या दोन पद्धती सगळ्यात उपयोगाच्या ठरल्या. ओळींवर रंग मारत बसणं आणि तेच तेच पुन्हा वाचणं तळाला गेलं. भाऊने तो लेख मिळवला, छापून घेतला, आणि हा निष्कर्ष पिवळ्या हायलायटरने रंगवून ठेवला.

पोमोडोरोचंही तेच. 1980च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटलीतल्या विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. भाऊने तत्त्व स्वीकारलं, तपशील गावाप्रमाणे बदलला. विश्रांती म्हणजे चहा, चहा म्हणजे स्टेशनाजवळची टपरी, आणि टपरी काही पाच मिनिटांत जाऊन येण्यासारखी नाही. म्हणून दिवसाच्या सगळ्या विश्रांत्या तो एकदम घेतो. तेही सकाळीच, आगाऊ.

याच टपरीवर भाऊला त्याची खरी शिष्या भेटली, असं तो सांगतो. दरेकशाच्या बाजूच्या एका गावची मुलगी. गोंदियाला कॉलेज, रोजचं अपडाऊन. मोहाच्या दिवसांत उजेड फुटायच्या आत झाडाखाली टोपली घेऊन जाणार, फुलं वेचून घरी टाकणार आणि मग गाडी पकडणार. तेंदूच्या दिवसांत सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणार. तिला अभ्यासिका परवडत नव्हती आणि कार्डशीट लावायला घरात सरळ भिंत नव्हती. तिने एकदा भाऊला गाठून विचारलं, "भाऊ, वाचलेलं ध्यानातच राहत नाही जी. का करू?"

भाऊ दीड तास बोलला. एबिंगहाउस झाला, टोमॅटो झाला, ब्राह्म मुहूर्त झाला, बदाम झाले. मुलीने त्यातलं एकच उचललं: वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते लिहून काढायचं.

गाडीत ती कशी बसते, हे एकदा बघण्यासारखं आहे. खिडकीची जागा मिळो न मिळो, गाडी सुटली की पुस्तक उघडते. आमगाव येईपर्यंत वाचन. आमगावला पुस्तक बंद करून बॅगेत. नुसतं मांडीवर उलटं नव्हे, बॅगेत आणि चेन लावून. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर, बॅगेचंच टेबल करून, आठवेल ते लिहिते. अडली की पेन दातात धरते, पण चेनला हात लावत नाही. गुदमा येईपर्यंत लिहिणं. त्यानंतर पुस्तक काढून चुकलेल्यावर खूण. तीच पत्रिका चार दिवसांनी पुन्हा निघते. गाडी मध्येच साइडिंगला टाकली, मालगाड्या आणि एक्स्प्रेस पुढे निघून गेल्या, की सारा डबा रेल्वेच्या नावाने बोटं मोडतो. ही एक पत्रिका जास्तीची लिहून घेते. भाऊही त्याच डब्यात असतो. रेल्वेच्या वेळापत्रकातल्या त्रुटी तो सगळ्यांना समजावून सांगत असतो.

रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी 2006मध्ये विद्यार्थ्यांवर नेमका हाच प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवून पाहिलेले पुढे. मुलीला या दोघांची नावं ठाऊक नाहीत. भाऊला दोघांचीही स्पेलिंगसकट पाठ आहेत, आणि पेपर इंग्रजीचाच राहिलाय.

14 एप्रिल हा भाऊच्या वर्षातला सर्वोच्च दिवस. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, म्हणून महाराष्ट्रात ठिकठिकाणी जयंतीनिमित्त सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो. भाऊ त्याचा कायमचा संयोजक. सतरंज्या त्याच्या, माठ त्याचे, नावनोंदणीचं रजिस्टर त्याचं. पहाटेपासून रात्रीपर्यंत तो रांगांमधून फिरत असतो: कुणाला झोप आली, कुणाचा मोबाइल वाजला, पोहे कमी पडले का. अठरा तासांत तो स्वतः खाली टेकत नाही. शेवटी ग्रुप फोटोत मात्र मधोमध असतो, हातात पुस्तक, आणि चेहऱ्यावर खराखुरा थकवा.

परीक्षा तोंडावर आली की त्याचा मुक्काम झेरॉक्सच्या दुकानात हलतो. 'आयएमपी' काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. "हा प्रश्न दोन वर्षं आला नाही, म्हनजे येनार. हा लागोपाठ आला, म्हनजे हाबी येनार." अशा रीतीने सगळा अभ्यासक्रम आयएमपी होतो आणि भाऊचा अंदाज कधीच चुकत नाही. स्वतःच्या पेपरच्या दिवशी तो दुसऱ्याच कुणाला तरी सेंटरवर सोडायला गेलेला असतो.

तरी गावात त्याला मान आहे आणि तो फुकटचा नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म अडला, दाखल्यावर नाव चुकलं, हॉल तिकीट निघेना, तर माणसं त्याच्याच दारात येतात, आणि तो रात्री दहालाही उठून येतो. 2023च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी 10 लाखांहून जास्त अर्ज आले. त्यातले आसपासच्या गावांतले कितीतरी त्याने आपल्या मोबाइलवरून भरून दिले. कुणी पोलिसात लागलं, कुणी नर्सिंगला गेलं, की पेढ्याचा पुडा आधी अभ्यासिकेत येतो. ती अपडाऊनवाली मुलगी सगळे सेमिस्टर एकदम काढून तिसऱ्या वर्षाला गेली, तेव्हाही आला. "आपल्याच हाताखालची पोरगी," भाऊ म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

त्याचं दुखणं आळस हे नव्हेच. आळशी माणूस कुणासाठी रात्री दहाला उठत नाही. अभ्यासावर बोललं की समोरचा लगेच मान डोलावतो, चहा पाजतो, 'भाऊ' म्हणतो. पुस्तक मिटून कोऱ्या कागदापुढे बसलं की पहिल्यांदा कळतं ते एवढंच, की आपल्याला काही येत नाही. त्या पाच-दहा मिनिटांत कुणी मान डोलावत नाही. मुलीने ती दहा मिनिटं रोज आमगाव ते गुदमा सोसली. भाऊ ती टाळण्यासाठी इतकी वर्षं अठरा-अठरा तास राबतोय.

तेव्हा या जूनमध्ये तुमचं किंवा तुमच्या घरच्या मुलाचं नाव कॉलेजात दाखल झालं आणि संध्याकाळी दारात चार हायलायटरवाला भाऊ उभा राहिला, तर त्याला घरात घ्या, चहा द्या, फॉर्म त्याच्याकडूनच भरून घ्या. तो सांगतो ते बहुतेक खरं असतं. फक्त चहा संपला की उठा. त्याच्याबरोबर टपरीवर दुसरा घ्यायला जाऊ नका.