पंचेचाळीस कोटींची पर्स

कोथिंबिरीची जुडी वीस रुपये ऐकून माझे सासरे, आमचे बाबा, भाजीवाल्यापासून तीन पावलं मागे सरकले आणि जुडी पंधराला घेऊनच घरी आले. ही सकाळची गोष्ट. त्याच संध्याकाळी सोफ्यावर मांडी घालून त्यांनी इशान किशन 11.25 कोटींना घेतला आणि वर म्हणाले, "स्वस्तात पडला."

तारनाक्याहून मेट्रोचं तिसरं स्टेशन म्हणजे उप्पलचं स्टेडियम. त्यामुळे सनरायझर्स हैदराबादची खरेदी आपल्याला विचारूनच होते, अशी इथल्या प्रत्येक गॅलरीची समजूत आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये आयपीएलचा लिलाव चालला होता जेद्दाला, पण बोली लागत होती आमच्या घरात. पर्स 120 कोटींची. त्यातले 75 कोटी पाच जणांना राखण्यातच गेलेले. एकट्या क्लासेनचे 23. उरले 45. एवढा काटेकोर हिशेब बाबांनी वाणसामानाचाही कधी ठेवला नाही.

बाबांचा पक्ष टोलेबाजांचा. समोरच्या फ्लॅटमधले अंकल बॉलरवाले. "हौ, सगळे मारणारेच घ्या. मग टाकणार कोण, अंपायर?" असं म्हणून ते हैदराबादचा जुना संघ, 2008 चे डेक्कन चार्जर्स काढतात. गिलख्रिस्ट, सायमंड्स, गिब्ज, आफ्रिदी, रोहित शर्मा! लक्ष्मणने तर संघाला जास्त पैसे उरावेत म्हणून 'आयकॉन'चा मान सोडला होता. एवढं करून 14 पैकी 2 सामने जिंकले आणि तळ गाठला.

"आणि 2009?" बाबा सरसावतात. "कप कोणी आणला?"

"आर. पी. सिंगच्या 23 विकेटनी!"

गेली कित्येक वर्षं दोन्ही पक्ष एकाच संघाचा पुरावा देतात आणि दोघंही जिंकतात. चहा मात्र मी करते.

लिलावानंतर पंधरा दिवसांनी न्यू जर्सीहून दिरांचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं नोकरी गेली. बेसबॉलमधला त्यांच्या यांकीजचा टोलेबाज ह्वान सोटो त्याच शहरातल्या मेट्स संघाकडे गेला होता. 15 वर्षांचा करार, साडेशहात्तर कोटी डॉलर! बाबांनी कॅलेंडरच्या मागे गुणाकार केला. साडेसहा हजार कोटींच्या घरात. म्हणजे आयपीएलच्या पन्नासेक पर्स! पण त्यांना पैशाचं काही वाटलं नाही.

"पंधरा वर्षं?" ते म्हणाले. "मिक्सरलासुद्धा कुणी एवढी गॅरंटी देत नाही."

मिक्सरचा विषय निघाला तो असा. आमचा आता चटणी वाटायला लागला की आधी खोकतो. मी नवीन मागितला. उत्तर आलं, "सीझन होऊ दे."

सीझन सुरू झाला. 23 मार्च 2025 ला उप्पलमध्ये किशनने नाबाद 106 ठोकले, संघाच्या 286 झाल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी कोथिंबिरीचे वीस रुपये मुकाट्याने मोजले. शेवटी संघ सहावा आला. बाबा अंकलना म्हणाले, "मी आधीपासून सांगत होतो, बॉलर घ्या."

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मी मिक्सरकडे.

"पर्स संपली," बाबा म्हणाले. "जुन्यालाच रिटेन कर. 2009 चा आहे तो. कप आणला त्या वर्षीचा."