एकांताचं बुकिंग

बिदरजवळ विलासपूरच्या तळ्याकाठी ‘ब्लॅकबक रिसॉर्ट’ आहे. काबिनीला हत्ती दाखवणाऱ्या सरकारी जंगल लॉजेसचाच हा उत्तरेकडचा धाकटा भाऊ. शेजारी होन्नीकेरीचं राखीव जंगल, माळावर काळविटं, समोर पाणी. भालकीच्या आमच्या मंडळींना तिथं एकांत हवा आहे. त्यासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला आणि त्यात उदगीरचे, बसवकल्याणचे, कलबुर्गीचे सगळे सोयरे घेतले गेले.

मग प्रश्न सुरू झाले. रेंज येते का? मॅच दिसेल का? मामांना पोहता येत नाही, तरी तळं खोल किती ते कळायला पाहिजे. मावशींनी जेवणाचा विषय कायमचा मिटवला: कडक भाकरी, शेंगाचटणी घरूनच, तूरडाळही कलबुर्गीचीच. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या दुसऱ्या तुरीला हात लावत नाहीत. “निसर्गात जायचं म्हणून काय वाट्टेल ते खायचं का गं?”

आवाज करू नये, ही सूचना सर्वांनी वाचली. खाली अंगठेही दिले. लगेच पुढचा मेसेज: स्पीकर कोण आणणार?

काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, हे दाजींनी गंभीरपणे सांगितलं. बिचकला की तो ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरनं पळतो, हेही सांगितलं. म्हणूनच ते पुतण्याचा ड्रोन मागून घेणार आहेत.