कंपनीने देखभाल केली, म्हणे

वीसेक वर्षांपूर्वीची रात्र. डाक आवृत्तीचं पान सोडायला दहा मिनिटं उरली होती आणि नव्या उपसंपादकाने इंग्रजीवरून केलेली बातमी माझ्या पुढ्यात आली. पहिलंच वाक्य : 'पूल पूर्णपणे सुरक्षित असल्याची कंपनीने देखभाल केली.' मूळ कॉपी मागवली. तिथे क्रियापद होतं 'मेन्टेन्ड'. पोराने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून वाक्यात बसवला होता. त्याला चार शब्द सुनावले, 'देखभाल केली' खोडून 'दावा केला' लिहिलं आणि पान सोडलं. मग चहा पिताना डोक्यात आलं की पोरगं चुकलंच नव्हतं. कंपनीने पुलाची देखभाल केली नसेल. पण 'पूल सुरक्षित आहे' या वाक्याची मात्र वर्षानुवर्षं निगुतीने केली होती. दर पावसाळ्याआधी त्याला नवा रंग.

इंग्रजी बातमीत सिद्ध न झालेली गोष्ट सांगायला क्रियापदांची अख्खी पंगत बसलेली असते, आणि पंगत म्हटली की मानपान आलाच. मंत्री 'असर्ट' करतात. कंपनी 'मेन्टेन' करते. वकील 'कन्टेन्ड' करतात. फी जास्त असेल तर 'अव्हर'. पोलीस 'अलेज' करतात. आणि ज्याच्या शेतात कारखान्याचं पाणी शिरलं तो शेतकरी 'क्लेम' करतो. पाणी गुडघाभर आहे, छायाचित्रात दिसतंय, छायाचित्र त्याच बातमीत छापलंय. तरी तो आपला क्लेमच करतो. या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ओरडण्यात आहे. म्हणजे गरीब माणूस हळू आवाजात बोलला तरी इंग्रजीत तो ओरडतच असतो. उलट, कोणी स्वतःहून खरं सांगून टाकलं तर तो 'ॲडमिट' करतो, म्हणजे निकाल लागलाच. न्यायाधीश अजून जेवायला गेलेत, पण क्रियापदाने शिक्षा सुनावलेली असते.

या मंडळींची कुळं काढायला गेलं की आणखी करमणूक होते. 'असर्ट' रोमन कायद्यातला. माणसावर हात ठेवून 'हा गुलाम' किंवा 'हा स्वतंत्र' असं जाहीर करण्याशी त्याचं नातं. मंत्रिमहोदय माइकवर हात ठेवून बोलतात तेव्हा तो माइक स्वतंत्र की गुलाम, हे आपण विचारू नये. 'अव्हर'च्या पोटात लॅटिन 'सत्य' आहे, आणि ते पोटातच राहतं. सगळ्यांत वाईट दशा 'अलेज'ची. कधीकाळी हा शब्द न्यायालयात शपथेवर निवेदन करण्याचा होता. आज त्याचा अर्थ : शपथ आम्ही घेतलेली नाही, पुरावा आमच्याकडे नाही आणि उद्या नोटीस आली तर आम्ही असं म्हटलंच नव्हतं. बीबीसीवर 1990 साली सुरू झालेल्या 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' या कार्यक्रमात तर कोणाचीही यथेच्छ टिंगल करून शेवटी 'अलेजेडली' जोडायचं, हा विनोदच होऊन बसला. तिकडे निदान प्रेक्षक हसतात.

आपल्याकडे हाच शब्द 'कथित' नावाचा ताईत होऊन आला. बातमीच्या दंडाला बांधला की अब्रुनुकसानीची बाधा होत नाही, अशी संपादकीय श्रद्धा आहे. मग 'कथित घोटाळा', 'कथित ध्वनिफीत', आणि एकदा तर 'कथित मृत व्यक्ती'. त्या व्यक्तीचं त्या वेळी तेरावं चालू होतं. याहून माझा लाडका 'संशयित आरोपी'. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. त्याच्यावर आरोप असल्याचाही संशयच आहे, असं आम्ही रोज छापतो आणि वाचकही बिचारा चहात बिस्किट बुडवून पुढे जातो.

ताईताची ताकद विचाराल तर यथातथाच. अब्रुनुकसानीसाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचं 499 कलम होतं. 1 जुलै 2024 पासून ते काम न्याय संहितेचं 356 कलम करतं. दुसऱ्याने केलेला आरोप आपण 'कथित' लावून छापला, तरी छापणारे आपणच. शिवाय त्यात एक स्पष्टीकरण आहे की उपरोधाने केलेलं विधानसुद्धा बदनामी ठरू शकतं. तेव्हा या सदरात वर ज्या कंपनीचा उल्लेख आला, ती कंपनी अत्यंत सज्जन आहे, असं मी असर्ट, मेन्टेन आणि अव्हर करतो.

खरं तर आपल्याला हे सगळं उसनं आणायची गरजच नव्हती. पाणिनीने जे बोलणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं नाही त्यासाठी वेगळा भूतकाळच नेमून दिला : 'परोक्षे लिट्'. बातमीदारांना तो सक्तीचा केला असता तर निम्मं वर्तमानपत्र लिट् लकारात निघालं असतं. संस्कृतात 'किल' होतं, आणि मराठीत तर एवढंसं 'म्हणे' आहे. आमची आजी ओट्यावर बसून सांगायची, 'पाटलाच्या धाकट्यानं दुकान विकलं म्हणे.' दोन अक्षरांत सगळं आलं : मी पाहिलं नाही, मला सांगितलं कोणी, माझा विश्वास अर्धाच आहे आणि तुला अधिक ठाऊक असेल तर बोल. सरपंच असो की सालगडी, आजीचं 'म्हणे' सगळ्यांना एकच. असा शब्द बातमीत लिहिला की मुख्य उपसंपादक तो 'बोलीभाषा' म्हणून कापतो आणि त्या जागी घालतो 'सूत्रांकडून समजते'. सूत्रं म्हणजे आजीच, फक्त ओटा मंत्रालयात.

उद्या सकाळी पेपर आला की एक करा. मथळे सोडा, लाल पेन घ्या आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. 'स्पष्ट केले' कोणाच्या वाट्याला आलं, 'ठामपणे सांगितले' कोणाच्या आणि नुसता 'दावा' कोणाच्या, ते समासात लिहून ठेवा. आणि कुठे 'देखभाल केली' असं दिसलं, तर त्या उपसंपादकाला माझा नमस्कार कळवा.