मिलिटरी ग्रेड

‘मिलिटरी ग्रेड’ ही अक्षरं खोक्यावर दिसली की माझी छाती आपोआप पुढे येते. (पोट आधीच तिथे पोचलेलं असतं.) वास्तविक पुण्याच्या तापकीर गल्लीत मी फोनचं साधं कव्हर घ्यायला गेलो होतो. पण दुकानातल्या पोराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि न विचारता चॉकलेटी रंगाचं फ्लिप कव्हर पुढे सरकवलं. “काका, ह्यात एटीएम कार्डपण राहतं.”

हे कव्हर म्हणजे वय जाहीर करण्याची सर्वमान्य पद्धत. मंगल कार्यालयात ते उघडून, हात लांब धरून, मान मागे नेऊन कुणाचा फोन आलाय ते वाचणारा इसम मुलाकडचा असो की मुलीकडचा, ज्येष्ठच असतो. मी ताबडतोब भिंतीवरच्या काळ्या, कोपरे फुगलेल्या चिलखताकडे बोट दाखवलं.

“ते ट्रेकिंगवाले नेतात, काका.”

“तेच दे.”

लिफ्ट बंद असताना तिसरा मजला, ही माझी सर्वांत खडतर चढाई. ते त्याला सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन ह्या मिलिटरीचा अभ्यास केला. अमेरिकी संरक्षण खात्याचं एमआयएल-एसटीडी-८१० नावाचं मानक १९६२ पासून आहे. बुरशी, खारी हवा, वाळू, बंदुकीचे हादरे, सगळ्याच्या चाचण्या त्यात आहेत. कव्हरवाले त्यातली बहुधा एकच उचलतात, पाडापाडीची. वस्तू चार फुटांवरून २६ वेळा पाडायची. सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे, हिशेब चोख. पण सगळे आपटे एकाच नगाने खायचे असंही नाही, पाच नगांत वाटून दिले तरी चालतात. आणि पाडायचं कशावर? काँक्रीटवर अंथरलेलं दोन इंची प्लायवूडही चालतं!

प्लायवूड? आपल्याकडे फोन प्लायवूडवर पडल्याचं कुणी ऐकलंय? आपला फोन पडतो शहाबादी फरशीवर, ओट्याच्या कडाप्प्यावर, एसटीच्या पायरीवर. प्लायवूड असतं ते पलंगात, आणि त्यावर गादी असते. बरं, चार फूट! माझा कान पाच फुटांवर आहे. बोलता बोलता फोन सुटला तर वरच्या एका फुटाची जबाबदारी पेंटॅगॉन घेत नाही. शिवाय कव्हरांना पास-नापास करणारं सैन्याचं कुठलंही खातं नाही. कंपनीच पेपर काढते, कंपनीच तपासते.

माझा खरा राग मात्र फोनवाल्यांवर आहे. वायरलेस चार्जिंग धातूच्या पाठीतून होत नाही म्हणून पाठ काचेची करायची, मिलिमीटरभर बारीक झाल्याची जाहिरात करायची, आणि ती नाजूक कांती आम्ही हप्ते फेडत, पदरचे पैसे घालून, झाकायची.

“अहो, वीट आणलीत का?” एवढंच बायको म्हणाली.

आईच्या फोनला मात्र तसलंच कव्हर मी मुद्दाम जाऊन आणलं. तिचे हात थरथरतात. घेऊन दिलेला फोन महागाचा, हातातून निसटेल, म्हणून ती तो उचलतच नसे. वाजला की शेजारच्या मुलीला हाका मारी. इकडे मी चिडायचो, “अगं, उचलत का नाहीस?” फोन फुटला असता तर मी तिला काही बोललो नसतो, अशी माझी खात्री होती. तिची नव्हती. तिच्या मॉडेलला फक्त लष्करी हिरव्या ठिपक्यांचं कव्हर मिळालं. आता ती लगेच फोन घेते आणि आधी सांगते, “सकाळी पडला होता. काही झालं नाही.”

तेव्हा घ्यायचं तर जरूर घ्या, पण खोक्यावरचे शिक्के वाचू नका. फोन कव्हरात घालून काउंटरवर पालथा ठेवा. काच टेकली तर कव्हर परत करा. कोपरा बोटाने दाबा, दबला पाहिजे. आणि चार्जरची पिन आत जाते का, तेही तिथेच बघून घ्या. माझ्या कव्हरात जात नाही.