अंदाजे जमा

अर्थसंकल्पात करमणूक हवी असेल तर लोक मंत्र्यांच्या भाषणातली शेरोशायरी ऐकतात. मी पुस्तकातले रकाने वाचतो. एकाच जमेचे तिथे तीन आकडे भेटतात. काय जमेल असं मार्चमध्ये वाटलं होतं, तो अर्थसंकल्पीय अंदाज. वर्ष सरताना काय वाटू लागलं, तो सुधारित अंदाज. आणि तिजोरीत खरोखर किती आले, ती प्रत्यक्ष जमा. ही छापून यायला दोन वर्षं लागतात. महाराष्ट्रात दोन वर्षांत अर्थमंत्र्याचं खातं बदलतं, पक्ष बदलतो, कधीकधी मंत्री तोच राहून पक्षाचं चिन्ह इकडून तिकडे जातं. अंदाज का चुकला, हे विचारायचं कुणाला?

2024 चंच पाहा. फेब्रुवारीतल्या अंतरिम अर्थसंकल्पात महसुली तूट 9,734 कोटींची होती. 28 जूनला, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, ती 20,051 कोटी झाली. या चार महिन्यांत जमेचा अंदाज वाढला जेमतेम 705 कोटींनी, खर्चाचा 11 हजार कोटींनी. म्हणजे खर्चाचा अंदाज बांधणाऱ्यांची कल्पनाशक्ती अधिक तल्लख. त्यावर समाधान मानावं, तर 11 दिवसांनी 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात हजर! पेपर हातात पडताच पुरवणी मागणारा असा विद्यार्थी कुठल्याही पर्यवेक्षकाने पाहिला नसेल.

अंदाज बांधायचे सोपे दिवसही राज्यांनी पाहिले आहेत. जीएसटी आला तेव्हा पाच वर्षं महसुलात दरसाल 14 टक्के वाढीची हमी केंद्राने दिली होती. कमी पडलं तर भरपाई. जून 2022 मध्ये हमी संपली आणि राज्यांना स्वतःच्या करांकडे पुन्हा निरखून पाहावं लागलं.

महाराष्ट्राची नजर ग्लासावर स्थिरावली. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. या आणि सोबतच्या निर्णयांतून वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील, असा अंदाज तेव्हा बांधला गेला. तो खरा ठरायचा तर बाटलीची किंमत ऐकून कुणीही पेग खाली ठेवता कामा नये. ‘लाडकी बहीण’ योजनेचा हप्ता वेळेवर जायचा तर भाऊजींनी एवढं केलंच पाहिजे. गंमत म्हणजे हा सगळा कारभार ज्या कायद्याखाली चालतो, त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949. प्यायला परवाना लागतो तोही त्याच कायद्याने. हा कायदा नावाप्रमाणे वागू लागला, तर सुधारित अंदाज मांडायला वित्त विभागाला मार्चपर्यंत थांबावं लागणार नाही.

तसं होणार नाही याची काळजी सरकार घेतं. 31 डिसेंबरला परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघडी ठेवायची मुभा मिळते, ती जनतेच्या हौसेखातर, असा आपला भाबडा समज. आर्थिक वर्षाची तिसरी तिमाहीही त्याच रात्री संपते.