ऑडिटर आणि अंडरटेकर

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे साहेब सहकारी पतसंस्थांचं ऑडिट करतात. सांगली जिल्ह्यात पतसंस्थाही मुबलक आणि साहेबांच्या मनातला संशयही मुबलक, त्यामुळे त्यांना कामाची ददात कधी पडली नाही. दूधवाल्यानं लिटरमागे दोन रुपये वाढवले की साहेब त्याच्याकडे संघाचं परिपत्रक मागतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणी ‘किरकोळ खर्च’ म्हटलं की ते उठून उभे राहतात आणि सगळ्यांचा चहा गार होतो. देवळातल्या दानपेटीला दोन कुलपं आहेत ना, दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे आहेत ना, याची खात्री झाल्यावरच ते हात जोडतात. बिल्डरचा शब्द, मुलीला सांगून आलेल्या स्थळाचं पॅकेज, देवगडचा म्हणून मिळणारा हापूस, कशावरही त्यांचा विश्वास नाही.

हाच माणूस टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतला अंडरटेकर सात वेळा मेला आणि सातही वेळा परत आला, असं शपथेवर सांगतो.

मी एकदा म्हटलं, “साहेब, पुरावा?” ते जराही गडबडले नाहीत. “दोन मृत्यूंना आहे. जानेवारी ९४ ला योकोझुनाच्या मदतीला अख्खी टोळी आली, सगळ्यांनी मिळून त्याला शवपेटीत कोंबलं आणि तो धुरातनं थेट छताकडं गेला. ऑक्टोबर ९६ ला मॅनकाइंडबरोबरची कुस्ती झाल्यावर त्याला जिवंत पुरला. उरलेले पाच तोंडी माहितीवरनं धरलेत.”

साहेब आता बेचाळीस-त्रेचाळीसचे. या वयाच्या पुरुषांची एक जात महाराष्ट्रभर पसरलेली आहे आणि लग्नाच्या हॉलमध्ये ती हमखास सापडते. पंगत उठलेली असते, तोंडात पान असतं, दोन अनोळखी पाहुणे अवघडून शेजारी शेजारी उभे असतात. पावसापाण्याचं बोलून संपलेलं असतं. मग एकजण उगीचच बुबुळं वर नेऊन पांढरे डोळे करतो. दुसरा अंगठ्यानं गळ्यावरून सावकाश रेघ ओढतो. झालं! पुढचा तासभर दोघांच्या बायका बाहेर रिक्षा थांबवून उभ्या.

ही मंडळी डब्ल्यूडब्ल्यूई असं कधीही म्हणत नाहीत. त्या पांडावाल्या वन्यजीव संस्थेनं कोर्टात दावा जिंकला आणि २००२ साली कुस्तीच्या कंपनीला डब्ल्यूडब्ल्यूएफमधला ‘एफ’ टाकून ‘ई’ लावावा लागला. हा निकाल साहेबांना मान्य नाही. एकदा कॉलेजची मुलं वाघ वाचवायला वर्गणी मागत आली. साहेबांनी पावतीपुस्तकाचे अनुक्रम तपासले, संस्थेचा नोंदणी क्रमांक बघितला, एक्कावन्न रुपये काढले आणि देता देता विचारलं, “यातनं पांडाला काही जाणार नाही ना?”

घराच्या खरेदीखताच्या फायलीखाली, लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, रबरबँड लावलेला पत्त्यांचा एक कॅट आहे. ट्रम्प कार्ड. वर पैलवानाचा फोटो, खाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. मधल्या सुट्टीत या आकड्यांवर जेवढे सौदे झाले तेवढे सांगलीच्या हळदीच्या बाजारातही झाले नसतील. हातात योकोझुना आला की डोळे मिटून ‘वजन’ म्हणायचं, जायंट गोन्झालेस आला की ‘उंची’, आणि समोरच्याचा पत्ता ओढून घ्यायचा. साहेबांच्या कॅटमध्ये एका पत्त्यावर जिंकलेल्या कुस्त्या लढलेल्या कुस्त्यांपेक्षा जास्त छापल्या आहेत. मी त्यावर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा कपाळावर नेला, पत्ता उजेडात धरला, परत रबरबँड लावला.

“छापखान्याची चूक आहे हो.”

ताळेबंदातला सात पैशांचा फरक ‘छपाईत राहून गेलं’ या सबबीवर सोडायला नकार देणारा आणि त्यापायी एका संचालक मंडळाला पुन्हा पुन्हा बैठका घ्यायला लावणारा हा माणूस!

त्यांच्या हॉलमध्ये एक जुना फोटो आहे. सुट्टीत मामाच्या गावी काढलेला. तोंडात खराट्याची काडी धरून, एक भुवई चढवून उभे आहेत ते साहेब, म्हणजे रेझर रॅमन. मामाचा काळा रेनकोट घालून घामाघूम झालेला मामेभाऊ, म्हणजे अंडरटेकर. आणि त्याच्या मागे देवघरातला तांब्या अस्थिकलश म्हणून छातीशी कवटाळून, डोळे वटारून उभी असलेली धाकटी बहीण, म्हणजे त्याचा मॅनेजर पॉल बेअरर. भरल्या घरात अस्थिकलश घेऊन हिंडल्याबद्दल तिघांनाही आजीनं बदडलं होतं. पॉल बेअररचं काम करणाऱ्या त्या माणसाकडे अंत्यविधी करण्याचा रीतसर सरकारी परवाना होता, ही माहिती साहेबांनी पुढं आजीच्या कानावर घातली. तिचं मत सुधारलं नाही.

या पिढीला पहिला जबर धक्का दिला तो ‘खिलाडियों का खिलाडी’नं, १९९६ साली. त्यात अक्षय कुमार अंडरटेकरला हरवतो. साहेब थिएटरमधून घरी येईपर्यंत कोणाशी बोलले नव्हते म्हणतात. मग सायबर कॅफे निघाले, आणि साहेबांनी आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र ऑडिट केलं ते या प्रकरणाचं. पडद्यावर अंडरटेकर म्हणून आलेला इसम ब्रायन ली नावाचा निराळाच पैलवान निघाला. त्यातही सराईत! कारण १९९४ मध्ये खरा अंडरटेकर गायब असताना हाच ब्रायन ली त्याचा वेष करून रिंगमध्ये उतरला होता, आणि समरस्लॅमला खऱ्यानं येऊन त्याचा निकाल लावला होता.

“पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तसलीच केस,” साहेब सांगतात. “पेशव्यांनी निदान त्याला शासन केलं. आपल्याकडं त्याला सिनेमात घेतला.”

‘अहो, ते सगळं ठरवून असतं’ हे वाक्य या माणसाला सख्ख्या मेहुण्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं आहे. प्रत्येकजण ते असं ऐकवतो, जणू आत्ताच स्वतः शोध लावून आलाय. साहेब चिडत नाहीत. मुद्देसूद उत्तर देतात.

मुद्दा पहिला. कंपनीनं १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं आपणहून कबुली दिली की हा सामना नाही, करमणूक आहे. “का दिली? खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाची देखरेख, वर कर. करमणूक म्हटलं की सुटका. अहो, कर वाचवायला माणूस काय वाटेल ते लिहून देतो. शेतकरी असल्याचा दाखला काढणारे डॉक्टर कमी बघितलेत का तुम्ही? असला कागद पुरावा धरायचा?”

मुद्दा दुसरा. जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरनं मॅनकाइंडला पिंजऱ्याच्या टपावरून खाली भिरकावला. सोळा फुटांवरून, समालोचकांच्या टेबलावर. “टेबल ठरलेलं होतं, मान्य. पडणारा ठरलेला होता, मान्य. उंची कमी करून ठेवली होती का?” आणि तो परत वर चढला, तर या वेळी टपाची जाळीच निसटली आणि गडी आतून खाली आला. हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. तुटलेला दात नाकपुडीशी अडकलेला दिसत होता. “असा पडलेला पतसंस्थेचा एक अध्यक्ष दाखवा मला. सगळे अलगद उतरतात.”

एवढं सगळं साहेब खालच्या पट्टीत बोलतात. आवाज चढतो तो फक्त ९ नोव्हेंबर १९९७ या तारखेला. माँट्रियल. ब्रेट हार्ट कॅनडाचा, म्हणजे घरचं मैदान. कमरेला विजेतेपदाचा पट्टा. कंपनी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत निघालेला. आपल्या माणसांसमोर पट्टा सोडायचा नाही एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते मालकानं, विन्स मॅकमॅहननं, कबूल केलं होतं. कुस्ती गोंधळात, निकालाविना संपणार, असं ठरलं. प्रत्यक्षात शॉन मायकल्सनं ब्रेटचाच शार्पशूटर डाव ब्रेटला लावला, आणि ब्रेटनं हार मानलेली नसताना मालकानं रिंगच्या कडेला उभं राहून घंटा वाजवायला लावली. पट्टा गेला. ब्रेट भर मैदानात मालकाच्या तोंडावर थुंकला आणि आत गेल्यावर त्याला एक ठोसा ठेवून दिला.

“कुस्ती ठरवून होती हे मला शंभर टक्के मान्य,” साहेब हवेत हिरवं पेन रोखतात. “ठरवून होती म्हणूनच तर गुन्हा! ठराव एक झाला, व्यवहार दुसराच झाला. बाहेरच्या सभासदाला हे कळणारसुद्धा नाही, कारण त्याला ठरावच माहीत नाही. याला आमच्यात अफरातफर म्हणतात.”

मी यातली खोट शोधायचा प्रयत्न केला, मला ती मिळाली नाही. सगळा धंदाच जिथं संगनमतावर चालतो, तिथं शब्द मोडण्याएवढं मोठं पाप दुसरं असूच शकत नाही. पुढं २०१० च्या जानेवारीत ब्रेट आणि शॉननं रिंगमध्ये एकमेकांचे हात हातात घेतले, झालं गेलं मिटवलं. साहेबांच्या दप्तरी प्रकरण उघडंच आहे. संस्थेनं दोष दुरुस्ती अहवाल सादर केलेला नाही.

कॅटमधल्या काही पत्त्यांच्या कोपऱ्यात हिरव्या शाईची बारीक टिक आहे, तपासून झालेल्या व्हाउचरवर करतात तशी. आधी मला वाटलं, आवडीचे असतील. योकोझुनावर आहे; तो २००० साली गेला, चौतिसाव्या वर्षी. ब्रिटिश बुलडॉगवर आहे, एकोणचाळीस. ओवेन हार्टवर आहे. कॅन्सस सिटीला वरून दोरीनं रिंगमध्ये उतरताना पडला, तोही चौतीसचाच. साहेबांनी याबद्दल मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जुलै २०२५ मध्ये हल्क होगन गेला तेव्हा मात्र त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर हळदकुंकवाच्या निरोपाखाली ‘हल्क होगन यांचे दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली’ असं टाकलं. लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. बी विंगमधल्या काकूंनी विचारलं, “कोणत्या फ्लॅटमधले?” आणि चेअरमननी, “मयत किती वाजता?”

चिरंजीव बारा वर्षांचे आहेत आणि त्यांचा देव रोमन रेन्स. साहेबांनी सुरुवातीला त्याची फार हेटाळणी केली. आताच्या पोरांना काही येत नाही, नुसतं माईक धरून बोलतात, वगैरे. मग एक दिवस त्यांना कळलं की रोमन रेन्स हा त्या सामोअन अनोआई घराण्यातला, म्हणजे योकोझुनाच्या भाऊबंदांपैकी. जपानी म्हणून मिठाची मूठ उधळत यायचा तो योकोझुना मुळात यांच्यातला. साहेबांचा सूर तत्काळ बदलला. “घरंदाज आहे हो पोरगा!” आता बापलेक एकत्र बसून नेटफ्लिक्सवर बघतात.

मागे आरामखुर्चीत आप्पा असतात. साहेबांचे वडील, वय सत्त्याहत्तर, गाव तासगावकडचं, गावच्या जत्रेतलं एकही मैदान न चुकवलेले, कोल्हापूरच्या खासबागेत मातीवर बसून कुस्त्या बघितलेले. टीव्हीवर काहीही चालू असलं तरी त्यांचा शेरा ठरलेला. “नुरा हाय. नुरा कुस्ती. घिस्सा न्हाई, ढाक न्हाई, कलाजंग न्हाई. नुसती नाटकं.” ही टीका साहेबांनी तीस वर्षं खाली मान घालून ऐकली आहे.

परवा मी सहज आप्पांना विचारलं, दारासिंगची कुस्ती बघितली होती का? आप्पा खुर्चीतनं उठलेच.

“बघितली म्हंजे! अडुसष्ट साल. मी मुंबईला मिलमधी. पाळी बदलून गेलतो. अमेरिकेचा लू थेझ आलता, वर्ल्ड चँपियन राहिल्याला गडी. दारानं त्याला आसा...” आणि दारानं कसा ते दाखवायला त्यांनी नातवाची मान काखेत घेतली.

साहेबांच्या चेहऱ्यावर मी तो भाव त्याआधी एकदाच पाहिला होता, एका संस्थेची दुसरी किर्द सापडली तेव्हा.

“आप्पा,” ते हळूच म्हणाले, “दारासिंगची ती कुस्ती फ्रीस्टाइल. धंद्याची. म्हणजे आपल्या यांच्यासारखीच. तिचाही निकाल आधी...”

“आसंल,” आप्पा म्हणाले. “पर थेझला उचलायला गडी दाराच लागतोय.”

चिरंजिवांनी काखेतूनच मोबाईल काढून शोधाशोध केली होती. “आजोबा, तो थेझ तेव्हा बावन्न वर्षांचा होता!”

“बावन्नचा माणूस काय आसतो तुला काय ठावं! तू बाराचा आसून तीन मजले लिफ्टनं येतोस.”

“म्हणजे तुम्ही पण फेक बघत होता आणि बाबा पण फेक बघत होता,” पोरगं मान चोळत म्हणालं.

आप्पा आणि साहेब, दोघांनी एकाच वेळी त्याच्याकडे वळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, बापलेकांचं एका ठरावावर एकमत झालं होतं. त्या महिन्याच्या घरखर्चाच्या वहीत नेटफ्लिक्सच्या वर्गणीपुढं हिरव्या शाईत प्रश्नचिन्ह उमटलं, आणि खुलासा करण्यासाठी चिरंजिवांना सात दिवसांची मुदत देण्यात आली.